मोडजोड : कागदी अग्निबाणांच्या इतिहासांतील एक प्रकरण

इतिहासाच्या ग्रंथांत खेळण्यांस सहसा जागा मिळत नाहीं. राज्यें, लढाया, तह आणि शोध यांची नोंद करतां करतां थकलेला इतिहासकार मुलांच्या हातांतील वस्तूंकडे क्वचितच वळतो, आणि वळला तरी एखाद्या टीपेंत त्यांची बोळवण करितो. तथापि कांहीं विद्या अशा आहेत कीं, त्यांच्या बाबतींत खेळणें कोठें संपलें आणि यंत्र कोठें सुरू झालें हें सांगणें कठीण पडावें. अग्निबाणाची विद्या ही त्यांपैकीं एक होय. दिवाळींतील बाणापासून मनुष्यास चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ पर्यंत तत्त्व एकच. भेद आहे तो आकाराचा, साहित्याचा आणि नियंत्रणाचा.

या विद्येच्या अंगणांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत वाढलेल्या एका छंदाविषयीं आज आम्ही लिहिणार आहों. बाजारांत मिळणारा अग्निबाणाचा साधा संच घ्यावयाचा. त्यांतील कागदी नळ्या, लांकडी टोंक आणि पंख कापून, जोडून, प्रसंगीं टाकून देऊन त्यांतून इतिहासांत होऊन गेलेल्या एखाद्या खऱ्या अग्निबाणाची प्रमाणशीर प्रतिकृति उभी करावयाची. आणि ती कपाटांत न ठेवितां खरोखरीच आकाशांत उडवावयाची, असा हा उद्योग आहे. इंग्रजींत यास ‘किटबॅशिंग’ असें ओबडधोबड नांव आहे. आम्ही त्यास ‘मोडजोड’ म्हणूं. ही मोडजोड म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूची नक्कल, कीं स्वतःची निर्मिति, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या देशानें गेल्या दीडशें वर्षांत बहुतेक यंत्रविद्या दुसऱ्याकडून शिकून घेतली, त्या देशांतील लोकांस तरी तो क्षुल्लक वाटूं नये.

या छंदाचा जन्म एका जोड्यांच्या दुकानदाराच्या घरीं झाला. अमेरिकेंतील नेब्रास्का राज्यांत नॉरफोक नांवाचें गांव आहे. तेथील ऑर्व्हिल कार्लाइल हे व्यवसायानें जोड्यांचे व्यापारी. परंतु दारूकाम हा त्यांचा आवडता विषय. त्यांचे बंधु रॉबर्ट यांस विमानांच्या प्रतिकृतींचा नाद होता. या बंधूंस आपल्या व्याख्यानांत अग्निबाणाचें तत्त्व प्रत्यक्ष दाखवितां यावें, म्हणून कार्लाइल यांनीं १९५४ सालीं कागदाचा एक लहानसा अग्निबाण तयार केला. त्याच्या पोटांतील दारूची नळी बदलतां येत असे, आणि उंची गांठल्यावर हवाई छत्री उघडून तो सावकाश खालीं येई. म्हणजे दिवाळीचा बाण जो एकदांच उडून राख होतो, तो येथें प्रथमच पुनःपुन्हां उडण्याजोगा झाला.

ही युक्ति नॉरफोकच्या वेशीबाहेर कदाचित् गेलीहि नसती. परंतु न्यू मेक्सिकोंतील व्हाइट सँड्स येथील अग्निबाणांच्या चाचणीक्षेत्रावर काम करणारे जी. हॅरी स्टाइन यांनीं या कामांतील सुरक्षिततेविषयीं एका लोकप्रिय मासिकांत लिहिलेला लेख १९५७ सालीं कार्लाइल यांच्या वाचनांत आला, आणि त्यांनीं आपले नमुने स्टाइन यांजकडे पाठवून दिले. त्याच वर्षीं ४ ऑक्टोबर रोजीं रशियानें स्पुट्निक आकाशांत सोडला. अमेरिकेंतील मुलांस अग्निबाणांचें वेड लागलें. आणि वेड लागलें म्हणजे विवेक मागें पडतो. घरोघरच्या तळघरांत लोखंडी नळ्यांत रसायनें ठांसण्याचे प्रयोग सुरू झाले. अशी नळी फुटली कीं ती बाण राहत नाहीं, तिचा बॉम्ब होतो. कित्येक मुलांनीं बोटें गमावलीं, कित्येकांनीं डोळे, आणि कांहींनीं प्राणहि. आज ज्यास आपण निरुपद्रवी छंद म्हणतों, त्याच्या पायाशीं हा असा खराखुरा धोका होता, हें विसरतां कामा नये.

स्टाइन यांनीं काढलेला मार्ग शहाणपणाचा होता. त्यांनीं मुलांस ‘हें करूं नका’ असें सांगितलें नाहीं. कामाची वांटणी तेवढी बदलली. आग कारखान्यानें भरावी, बाकीचें सर्व मुलानें करावें. दारू मोजून, दाबून, जाड कागदाच्या नळींत बंद केलेली विकत मिळावी. देह कागदाचा, पंख हलक्या बाल्सा लांकडाचे, धातूचा त्यांत लवलेश नसावा. याच वर्षीं, १९५७ मध्यें, त्यांनीं डेन्व्हर येथें ‘मॉडेल मिसाइल्स’ नांवाची कंपनी काढली, आणि पुढें ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ या नांवानें प्रसिद्धीस आलेली संस्थाहि स्थापिली. दारूच्या नळ्यांचा पुरवठा पुरेना, तेव्हां व्हर्नन एस्टिस या डेन्व्हरच्याच गृहस्थानें त्या तयार करण्याचें यंत्र बनविलें. १९५९ च्या आरंभीं चालूं झालेलें हें यंत्र ‘मेबल’ या बायकी नांवानें ओळखलें जाई, आणि कांहीं सेकंदांस एक या वेगानें नळ्या भरून देई. १९६१ सालीं एस्टिस यांनीं आपला कारखाना कोलोराडोंतील पेनरोझ या गांवीं नेला, आणि तेथून हे संच टपालानें गांवोगांव जाऊं लागले.

आतां संच म्हटला म्हणजे त्यांत एक गुण आणि एक दोष एकत्रच येतात. गुण हा, कीं नवशिक्याचा हात धरून तो त्यास यशापर्यंत पोंचवितो. दोषहि हाच. मापें ठरलेलीं, पंख छापलेले, सूचना क्रमवार. मुलानें त्या पाळाव्या आणि चित्रांतल्यासारखी वस्तु तयार करावी. आमच्याकडील मार्गदर्शिका वाचून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिति याहून निराळी नसते. उत्तर बरोबर येतें. तें कां बरोबर आलें हें मात्र त्यास ठाऊक नसतें. मोडजोडीचा आरंभ होतो तो ज्या दिवशीं कोणी मुलगा पेटींतील चित्र बाजूस ठेवतो आणि ‘मला हा नको, तो हवा’ असें म्हणून एखाद्या खऱ्या अग्निबाणाचें छायाचित्र पुढें घेतो, त्या दिवशीं.

त्या क्षणापासून त्यास गणित करावें लागतें. कारखान्याच्या नळ्या ठराविक व्यासांच्या असतात. एस्टिसच्या नळ्यांपैकीं नेहमींच्या वापरांतल्या घेतल्या तर त्यांचे बाहेरील व्यास ०.५४१, ०.७३६, ०.९७६, १.३२५ आणि १.६३७ इंच असे आहेत. प्रतिकृतीचें प्रमाण काय असावें, हें यामुळें बनविणाऱ्याच्या इच्छेपेक्षां हातीं असलेल्या नळीवरच ठरतें. १९६१ च्या ५ मे रोजीं ॲलन शेपर्ड यांस अंतराळांत घेऊन जाणाऱ्या रेडस्टोनचा व्यास ७० इंच होता; १.६३७ इंचांची नळी घेतली तर ही प्रतिकृति सुमारें १/४३ प्रमाणाची होणार, हें ओघानेंच आलें. एकाच जाडीचा अग्निबाण असेल तर एवढ्यावर भागतें. खरी पंचाईत होते ती दोन निरनिराळ्या जाडींचे टप्पे असलेल्या अग्निबाणांत. कारण तेथें एक नळी जुळली कीं दुसरी हटकून जुळत नाहीं.

उदाहरणादाखल नायकी-अपाची हा अग्निबाण घेऊं. तो आम्हीं उगाच निवडलेला नाहीं. त्याचें आमच्याशीं असलेलें नातें पुढें येईल. याच्या खालच्या, म्हणजे नायकी टप्प्याचा व्यास १६.५ इंच, आणि वरच्या अपाची टप्प्याचा ६.५ इंच. फुटास इंच हें प्रमाण धरलें, तर अपाचीस ०.५४२ इंच व्यासाची नळी हवी. कारखान्याची सर्वांत बारीक नळी ०.५४१ इंचांची आहे. फरक केसाइतकाहि नाहीं. नायकीस मात्र १.३७५ इंच हवेत, आणि जवळांत जवळची नळी आहे १.३२५ इंचांची. सामान्य मनुष्य म्हणेल, ‘चालेल, कोणास दिसणार आहे?’ मोडजोड करणारा असें म्हणत नाहीं. नळीभोंवतीं पोस्टकार्डासारख्या कागदाचे दोन-तीन वेढे सरसानें चिकटवून तो ती जाड करितो. दोन टप्प्यांमधील उतारासाठीं कागदाचा छेदलेला शंकु करावा लागतो. त्याची आखणी करतांना शाळेंत निरुपयोगी वाटलेली भूमिति प्रथमच उपयोगी पडते. दुसऱ्या एखाद्या संचांतलें लांकडी टोंक घेऊन तें कांचकागदानें घांसून हव्या त्या आकारास आणावें लागतें. पंख कापतांना लांकडाचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेस समांतर ठेवावे लागतात, नाहीं तर पहिल्याच उड्डाणांत ते मोडतात. लांकडाचीं छिद्रें लुकण भरून, पुन्हां घांसून बुजवावीं लागतात, कारण खरा अग्निबाण धातूचा होता आणि धातूस रेषे नसतात. इतकें झालें म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या मूळ अग्निबाणाची सुमारें ६९ सेंटिमीटर उंचीची प्रतिकृति उभी राहते. संचाच्या पेटीवर ज्याचें चित्र होतें, त्याचा यांत मागमूसहि उरत नाहीं.

प्रतिकृतीची कसोटी मात्र यापुढेंच लागते. कारण तिला उडावयाचें असतें. दारू जळून संपल्यावर कांहीं सेकंद ती नुसत्या वेगावर वर जात राहते, आणि मग एका लहानशा स्फोटानें छत्री बाहेर फेंकली जाते. तोंपर्यंत तिनें सरळ गेलें पाहिजे. टायटन-२ सारख्या अग्निबाणास पंख नव्हतेच. तोल राखण्यासाठीं त्याचें एंजिनच कलवितां येत असे. सॅटर्न-५ चे पंख देहाच्या मानानें चिमुकले होते. कागदी बाणास असें कोणतेंच साधन नाहीं. त्याची सारी भिस्त पंखांवर. नियम असा, कीं हवेचा दाब ज्या बिंदूच्या ठायीं एकवटतो तो दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागें, शेपटीकडे, निदान देहाच्या व्यासाइतक्या अंतरावर तरी असावा. तो पुढें आला कीं बाण आकाशांतच कोलांट्या खाऊं लागतो. आमच्या दिवाळींतील बाणास जी लांब काडी असते ती याच कारणासाठीं. हैदर व टिपू यांच्या लोखंडी नळीच्या बाणांस बांबूची काठी असे, आणि १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडल्यावर विलायतेस गेलेले हेच बाण पुढें ठेवून विल्यम कॉन्ग्रीव्ह यांनीं वुलिच येथें आपले बाण सुधारून घेतले, तेव्हांहि काठी राहिलीच.

दाबमध्य कोठें आहे हें जाणण्यासाठीं आरंभीं लोक पुठ्ठ्यावर बाणाची बाह्याकृति कापून ती सुरीच्या धारेवर तोलून पाहत. किंवा तयार बाणास गुरुत्वमध्याशीं दोरी बांधून तो डोक्याभोंवतीं गरगर फिरवीत, आणि टोंक पुढें ठेवून तो फिरला तरच त्यास योग्य मानीत. १९६६ सालीं जेम्स बॅरोमन यांनीं या अंदाजास गणिताचें रूप दिलें. बॅरोमन हे ‘नासा’च्या गोडार्ड केंद्रांत खऱ्या अग्निबाणांच्या हवेंतील वर्तनाचा अभ्यास करणारे इंजिनियर, आणि घरीं कागदी बाणांचे भक्त. त्यांनीं टोंक, उतार व पंख यांचा हिशेब निरनिराळा करून दाबमध्य काढण्याची जी रीत छंदी मंडळींच्या संमेलनांत मांडली, ती कोणाहि हुशार विद्यार्थ्यास वहीच्या एका पानावर करतां येते, आणि आजतागायत वापरांत आहे.

गणितानें पुष्कळदां अप्रिय उत्तर येतें. पंख मुळाबरहुकूम ठेवले तर बाण उडणार नाहीं, असें तें सांगतें. येथें सत्य आणि उड्डाण यांचा झगडा लागतो. मार्ग तीन आहेत. पहिला, टोंकांत शिसें किंवा चिकणमाती भरून गुरुत्वमध्य पुढें ओढावा. यानें बाहेरचें रूप बिघडत नाहीं, परंतु वजन वाढून उंची घटते. दुसरा, पंख थोडे मोठे करावे. तिसरा, मागें पारदर्शक प्लॅस्टिकचे जादा पंख लावावे. ते उडतांना काम करितात आणि पाहणाऱ्यास ‘हे मुळांत नाहींत’ असें आपल्या पारदर्शकपणानेंच सांगतात. आम्हांस या तिसऱ्या मार्गाचें विशेष कौतुक वाटतें. जुन्या पोथीचा संपादक गळलेला शब्द चौकटी कंसांत घालितो, तसें हें आहे. पंख मोठे करून गप्प बसणें म्हणजे पोथींत प्रक्षिप्त श्लोक घालण्यासारखें. ज्यानें तो फरक सांगून टाकला, त्यास मात्र कोणी दोष देऊं नये.

संपादनाची ही उपमा आम्हीं केवळ शोभेसाठीं योजिलेली नाहीं. १९७२ सालीं युगोस्लाव्हियांतील व्हर्शात्स येथें अशा बाणांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. अशा स्पर्धांत प्रमाणशीर प्रतिकृति आणणाऱ्यास तिच्याबरोबर पुरावाहि सादर करावा लागतो: मूळ अग्निबाणाचीं मापें, आराखडे, छायाचित्रें, रंगांचा तपशील. ‘असा असावा’ हें तेथें चालत नाहीं. ‘असा होता’ हें दाखवावें लागतें. शिवाय एकाच जातीच्या दोन अग्निबाणांवर रंगाचे पट्टे निरनिराळे असत, त्यामुळें अमुक दिवशीं अमुक ठिकाणाहून उडालेला अमुकच, असें नेमकें सांगावें लागतें. पीटर ऑलवे यांनीं १९९३ सालीं ‘रॉकेट्स ऑफ द वर्ल्ड’ या ग्रंथांत अनेक देशांच्या अग्निबाणांचे मापांसहित आराखडे एकत्र केले, ते या मंडळींच्याच गरजेपोटीं. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध करून आम्हांस शिकविलें कीं, अस्सल कागद हातीं असल्याशिवाय इतिहासांत बोलूं नये. तोच धडा हे लोक कात्री आणि सरस यांच्या साहाय्यानें गिरवीत आहेत.

यावर कोणी असें म्हणेल, कीं हें सर्व मान्य केलें तरी अखेर नक्कल ती नक्कलच. खऱ्या कारागिरानें आरंभापासून सर्व कांहीं स्वतः करावें, तयार संच मोडून जोडणें हें त्यास शोभत नाहीं. हा आक्षेप वजनदार वाटतो खरा, परंतु इतिहासापुढें तो टिकत नाहीं. कारण खुद्द खऱ्या अग्निबाणांचा इतिहास हाच बव्हंशीं मोडजोडीचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या हातीं जर्मनांचे व्ही-२ अग्निबाण आले. त्यांपैकीं कांहींच्या टोंकावर अमेरिकन ‘वॅक कॉर्पोरल’ बसवून जो जोडबाण केला, तो २४ फेब्रुवारी १९४९ रोजीं जवळजवळ ४०० किलोमीटर उंच गेला. तोंपर्यंत मनुष्याच्या हातची कोणतीहि वस्तु इतकी उंच गेली नव्हती. १९५८ च्या जानेवारीच्या अखेरीस अमेरिकेचा पहिला उपग्रह वर नेला, तो लांब केलेल्या रेडस्टोननें. आणि त्याच्या माथ्यावर ‘सार्जंट’ या लष्करी अग्निबाणाच्या एंजिनाच्या लहान आवृत्त्या अकरा, तीन आणि एक अशा टप्प्यांनीं बांधल्या होत्या. वर सांगितलेल्या नायकी-अपाचीचीहि तीच कथा. विमानें पाडण्यासाठीं केलेल्या नायकी अस्त्राचा खालचा टप्पा घ्यावयाचा, त्यावर अपाचीचें एंजिन चढवावयाचें, आणि टोंकांत तोफगोळ्याऐवजीं वातावरणाचा अभ्यास करणारीं उपकरणें ठेवावयाचीं. ग्रीकांची विजयदेवता आणि अमेरिकेंतील एक आदिवासी जमात यांचीं नांवें शेजारीं शेजारीं आलीं, त्यावरूनच जोडकाम उघड होतें. प्रतिकृति करणारा दोन नळ्या जुळवूं लागतो, तेव्हां मूळ इंजिनियरांपुढें जी अडचण होती तीच लहान रूपानें त्याच्यापुढें येते. तो त्यांच्या वस्तूची नक्कल करीत असेल. त्यांची रीत मात्र तो स्वतःच शोधून काढतो.

आणि याच ठिकाणीं हा विषय आमच्या दारांत येऊन उभा राहतो. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं केरळांतील थुंबा या कोळ्यांच्या गांवाहून भारताच्या भूमीवरील पहिला अंतराळशोधक अग्निबाण उडाला, तो हाच नायकी-अपाची. बाण अमेरिकेचा, त्यांतील सोडियमच्या वाफेचें उपकरण फ्रान्सचें. आमची होती ती जागा, माणसें आणि उमेद. मेरी मॅग्डलीनच्या जुन्या चर्चमध्यें त्याची जुळणी झाली. पुढें थुंब्यास एका अग्निबाणाचें टोंक सायकलवरून नेतांना टिपलेलें छायाचित्र जगभर प्रसिद्ध झालें. पुष्कळांस त्याचें हसूं आलें असेल. आम्हांस त्यांत, पोस्टकार्डाचे वेढे देऊन नळी जाड करणाऱ्या मुलाचा चेहरा दिसतो.

त्यानंतर चारच वर्षांनीं, १९६७ सालीं, याच थुंब्याहून रोहिणी आरएच-७५ हा भारतांत तयार झालेला पहिला अग्निबाण उडाला. नांवांतील आंकडा त्याचा व्यास सांगतो: ७५ मिलिमीटर. १९६९ सालीं, मनुष्य चंद्रावर उतरला त्याच वर्षीं, एस्टिस कंपनीनें सॅटर्न-५ चा १/१०० प्रमाणाचा संच बाजारांत आणला. त्या खेळण्याच्या नळीचा व्यास सुमारें १०० मिलिमीटर होता. म्हणजे आमच्या राष्ट्राचा पहिला स्वतःचा अग्निबाण अमेरिकन मुलाच्या हातांतील खेळण्याहून बारीक होता! ही तुलना आम्ही लाज वाटावी म्हणून करीत नाहीं. आरएच-७५ च्या पोटांत कारखान्यांतून आणलेली कागदी नळी नव्हती. त्याची आग आमच्या माणसांनीं स्वतः भरली होती. त्या ७५ मिलिमीटरांपासून रोहिणीचीं भावंडें वाढत वाढत ५६० मिलिमीटरांपर्यंत गेलीं, आणि १८ जुलै १९८० रोजीं एसएलव्ही-३ नें रोहिणी नांवाचाच उपग्रह पृथ्वीभोंवतीं फिरता केला.

नक्कल आणि निर्मिति यांच्यामध्यें भिंत आहे अशी आमच्याकडे एक समजूत आहे. एका बाजूस उसनवारी करणारे, दुसऱ्या बाजूस स्वयंभू. आणि उसनवारीची लाज इतकी, कीं पुष्कळ जण आरंभच करीत नाहींत. कागदी अग्निबाणांचा हा इतिहास निराळें सांगतो. तयार वस्तु हातीं घेणें यांत कमीपणा नाहीं. ती हातीं आली तशीच परत ठेवणें यांत आहे. दुसऱ्यानें ठरविलेल्या मापाची नळी घेऊन आपल्याला हव्या त्या मापापर्यंत तिला कसें न्यावें, कोठें कागदाचा वेढा द्यावा, कोठें शिसें भरावें, आणि केलेला फरक कसा प्रामाणिकपणें सांगावा, एवढें ज्यास साधलें तो एक दिवस स्वतःची नळी ओतल्याशिवाय राहणार नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं संच पुष्कळ आहेत. त्यांस ते मोडण्याची परवानगी तेवढी आपण द्यावयाची राहिली आहे.